रेडिओकाकू गप्प बसल्या

सायकलींच्या पितळी घंट्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मालकीणबाईंना सगळे रेडिओकाकू म्हणत. तोंडावर काकू, पाठीमागे रेडिओ. त्यांना हे ठाऊक होते, पण त्याचा राग नव्हता. नवरा गेल्यावर कारखाना त्यांनी बोलून बोलूनच उभा ठेवला होता. पितळ देणारा व्यापारी असो वा रुसलेला कारागीर, काकूंपुढे त्याची डाळ शिजत नसे.

एका टेबलापाशी मात्र त्या कधीही बोलत नसत. तयार घंटी तेथे कानाने तपासली जाई. घंटी वाजवायची आणि नाद पूर्ण विरेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही, हा नवऱ्याने घालून दिलेला नियम होता. घंटीच्या वाटीला बारीक चीर असली तर ती नादाच्या शेवटीच कळते.

अलीकडे काम आटले होते. त्या वर्षी मोठे काम मिळाले नसते तर पॉलिशचा विभाग बंद करावा लागला असता. तेथील बायका काकूंबरोबर म्हाताऱ्या झाल्या होत्या. अशा वेळी परदेशातील एका सायकल कंपनीची माणसे घंट्या पाहण्यास आली.

काकूंनी सांगितले, "माल चार महिन्यांत देऊ." सुनेने ते इंग्रजीत सांगितले, पाहुण्यांच्या दुभाषी बाईंनी त्यांच्या भाषेत सांगितले. पाहुण्यांतील वडीलधारे गृहस्थ डोळे मिटून बसले. कोणी बोलेना. पंखा तेवढा कुरकुरत होता.

आपल्याकडे माणूस असा गप्प बसला की तो रागावला असे आपण समजतो. काकूही तेच समजल्या.

"बरं, तीन महिने," त्या म्हणाल्या.

पुन्हा शांतता.

"अडीच! आणि हवं तर वाटी थोडी पातळ करू."

वडीलधाऱ्यांनी डोळे उघडले, सावकाश मान डोलावली आणि ते उठले. मान डोलावली म्हणजे होकार, असे धरून काकूंनी पॉलिशच्या बायकांना आनंदाची बातमी देऊनही टाकली. आठवड्याने नकार आला.

सुनेने फोन करून दुभाषी बाईंना कारण विचारले आणि ते सासूबाईंना जसेच्या तसे सांगितले. "आई, त्यांच्याकडे मोठ्या गोष्टीला लगेच उत्तर देणं उद्धटपणा समजतात. ते तुमच्या शब्दाचा मान राखत होते. मान डोलावली ती फक्त ऐकलं म्हणून. ते म्हणतात, एका बैठकीत तीन उत्तरं मिळाली, त्यातलं खरं कोणतं?"

काकू म्हणाल्या, "त्यांना आणखी एकदा बोलाव. मी गप्प बसेन."

"वहिनी, तुम्ही?" धाकटे दीर हसले. "मग सूर्य उद्या पश्चिमेला उगवायचा!"

"उगवू दे. तुम्ही टोपी घालून बसा."

पाहुणे पुन्हा आले. काकूंनी नमुन्याची घंटी टेबलावर ठेवली. "चार महिने लागतील. वाटी जाडच राहील," एवढे सांगून त्या थांबल्या.

वडीलधाऱ्यांनी डोळे मिटले. पंखा कुरकुरू लागला. काकूंच्या जिभेवर तीन महिने आले, तेथून त्यांनी ते गिळले. पॉलिशच्या बायकांचे चेहरे डोळ्यांपुढे आले, तेव्हा तर अडीचही जिभेवर आले. त्यांनी स्वतःला बजावले, हे तपासणीचे टेबल आहे, नाद अजून विरलेला नाही. इतक्यात दिरांनी बोलण्यासाठी तोंड उघडले. काकूंनी टेबलाखाली त्यांच्या पायावर टाच ठेवली. दिरांचे तोंड मिटले, डोळे मात्र मोठे झाले.

अखेर वडीलधारे म्हणाले, "चार महिने का?"

"प्रत्येक घंटी आम्ही वाजवतो. तिचा आवाज संपेपर्यंत थांबतो. मग पुढची."

वडीलधाऱ्यांनी नमुन्याची घंटी उचलून वाजवली. खोलीतील सगळे जण नाद विरेपर्यंत ऐकत राहिले. त्यानंतर ते दुभाषी बाईंशी हळू बोलले. बाई हसून म्हणाल्या, "हे म्हणतात, चार महिने थांबू. आणि मागच्या वेळी आमच्या शांततेनं तुम्हाला घाबरवलं, हे आम्हाला नंतर कळलं. पुढच्या वेळी आम्ही थोडं जास्त बोलू."

"सांगा त्यांना," काकू म्हणाल्या, "आम्ही थोडं कमी बोलू."

या वेळी सही होईपर्यंत त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. सही झाल्यावर त्या स्वतः पॉलिशच्या विभागात गेल्या. आयुष्यात पुष्कळ बोलून त्यांनी पुष्कळ मिळवले होते, पण त्या दिवशी चालताना त्यांची मान जशी ताठ होती, तशी कोणी पूर्वी पाहिली नव्हती.

"काय झालं, काकू?" बायकांनी विचारले.

दारात उभे असलेले दीर पाय चोळत म्हणाले, "बायांनो, बसून घ्या. सगळं साठलेलं आहे."

आणि रेडिओ लागला.