नीवेस मनोऱ्यावर चढली तो रविवार

माझ्या मोठ्या बहिणीएवढी, नीवेसएवढी चिवट बाई अख्ख्या बोलोन्यात सापडायची नाही, आणि तिच्याएवढी भित्रीही नाही. एकाच बाईत दोन्ही कसं मावतं ते मला विचारू नका. पिठाचं पोतं एका हाताने फरफटत आणते, आणि प्रोफेसरसमोर बसवली की तिची दातखीळ बसते.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती विद्यापीठात इतिहास शिकत होती आणि मी शाळेत होते. ताज्या पास्त्याचं आमचं दुकान. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुस्तकं कपाटात कोंबली, बाबांचं लांबलचक लाटणं उचललं आणि पास्त्याची पोळी लाटायला उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या लाटण्यावर घर चाललं, बाबांची औषधं झाली, माझं शिक्षण झालं, लग्न झालं. मला आईबाबांनी जन्म दिला आणि नीवेसने वाढवलं, हे मी कुणालाही सांगते.

पन्नाशी उलटल्यावर तिने विद्यापीठात पुन्हा नाव घातलं. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा पोत्यावर बसून वाचायची. एकेक विषय सुटत गेला, शेवटी मध्ययुगाचा इतिहास तेवढा राहिला, आणि तिथे घोडं अडलं. आमच्याकडे परीक्षा तोंडी असते, भरल्या वर्गात, कुणीही येऊन बसावं आणि ऐकावं. बाकीचे प्रोफेसर सांभाळून घ्यायचे. हा मध्ययुगाचा प्रोफेसर मात्र प्रश्न टाकून टक लावून बघत बसायचा. दोनदा गेली, दोनदा तोंडातून शब्द न काढता परत आली. "या खेपेला नाही जमलं तर पुस्तकं रद्दीत," तिने मला सांगून टाकलं होतं. परीक्षा सोमवारी होती.

आणि नेमकी शुक्रवारी ऊग्ने आली. ही लिथुएनियाची पोर, पादोव्हाला सहा महिने शिकायला आलेली, आमच्या मामेबहिणीकडे भाड्याने राहायची. शनिवार-रविवार गाठून एकेक शहर बघत हिंडायची. दोन दिवस ठेवून घ्या, असा मामेबहिणीचा फोन आला. मी नाही म्हणणार होते, तोवर नीवेसने पलंगावरची चादर बदललीसुद्धा.

"परीक्षा तुझी आहे की तिची?" मी म्हटलं.

"घरापासून लांब आहे पोर. खाईल, झोपेल, फिरेल. तुझं काय जातंय?"

पोर गोड होती, खोटं कशाला बोलू. तोर्तेल्लीनीचा, आमच्या सारण भरलेल्या पास्त्याचा, रस्सा वाडग्याला तोंड लावून प्यायली आणि भांडी घासायला उठली. शनिवारी सकाळी आम्ही दोघींनी मिळून तिला काय काय बघायचं ते सांगितलं. पेत्रोनियो संताचं देऊळ बघ, मासळीबाजाराच्या गल्ल्या बघ, कमानींखालून चालत टेकडीवरच्या सान लूकाच्या देवळाला जा. शहराच्या मधोमध उभ्या उंच आझिनेल्लीच्या मनोऱ्याबद्दल मात्र आमच्यातली एकही बोलली नाही. बोलोन्यात शिकणारं माणूस पदवी हातात पडेपर्यंत त्या मनोऱ्यावर चढत नाही. चढलं की पदवी गेली. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, त्यामुळे ते कुणाला सांगावं लागतं हेच आमच्या डोक्यात आलं नाही. नीवेसचा जन्म त्या मनोऱ्याच्या सावलीत गेला, पण त्याची एक पायरी तिने चढली नव्हती. मी चिडवायचे, "न चढताच शिक्षण सुटलं तुझं. चढली असतीस तर आणखी काय होणार होतं?" ती हसायची आणि वळसा घालून जायची.

रविवारी दुपार व्हायच्या आत दुकानात ही गर्दी. नीवेसचा फोन वाजला. तिचे हात पिठात, म्हणून मीच उचलून तिच्या कानाशी धरला. ऊग्ने हुंदके देत होती. मनोऱ्याच्या माथ्यावर होती. चढताना काही वाटलं नव्हतं, उतरायला म्हणून जिन्यात डोकावली आणि आतली ती पोकळ विहीर बघून तिचे पाय गळाले. आता भिंतीला चिकटून बसली होती, डोळे मिटून. तिकिटं तपासणारा मुलगा समजावून थकला, ती त्याला हात लावू देत नव्हती.

नीवेसने ॲप्रन सोडला.

"कुठे निघालीस?" मी म्हटलं. "बंबवाल्यांना फोन करते मी. ते आणतील उतरवून."

"अनोळखी बाप्यांना बघून आणखी भेदरेल ती."

"मग मी जाते."

"तुझे गुडघे दुकानाची पायरी चढत नाहीत, लोरेत्ता."

"अगं, उद्या परीक्षा आहे तुझी. आणि कुठे चढतेयस कळतंय का?"

"कळतंय," ती म्हणाली. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. "पण माझ्या घरची पाहुणी आहे." आणि गेली. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत राहिली. त्यांनाही कळलं होतं, एकाने तर छातीवर क्रूसाची खूण केली.

दोघी परत आल्या तेव्हा मी शटर ओढत होते. ऊग्नेचा रंग परत आला होता, नीवेसच्या मांड्या थरथरत होत्या. माझा तोंडावरचा ताबा सुटला. "झालं समाधान? सबंध शहर पडलं होतं बघायला, तुला नेमका मनोरा सुचला? हिची इतक्या वर्षांची मेहनत मातीत घातलीस," आणि मग मनोऱ्याचं सगळं तिला सांगितलं. पोर ऐकता ऐकता रडायला लागली. "मला कुणी सांगितलं नाही, सिन्योरा," एवढंच म्हणाली. खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

"पुरे कर," नीवेस मला म्हणाली आणि अंघोळीला गेली.

मग ऊग्नेनेच सांगितलं. नीवेस वर पोचली, तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ, मी तुला एक गोष्ट सांगते." मग तिच्याकडे तोंड करून एकेक पायरी उलटी उतरत तिने साडेसातशे वर्षांपूर्वीचं बोलोन्या सांगायला घेतलं. शहराने आपल्या खजिन्यातून पैसे मोजून हजारो वेठबिगार मालकांकडून कसे सोडवले, मालक कसे कुरकुरले, सुटलेली माणसं कुठे गेली. पोरीला इटालियन कळतं बेताचं, म्हणून सोप्या शब्दांत. नीवेस थांबली की ऊग्ने म्हणायची, "मग?" जमीन कधी लागली ते तिला कळलंच नाही.

संध्याकाळच्या गाडीने जायची होती, गेली नाही. "मी उद्या सिन्योरांबरोबर येणार," म्हणाली. मी म्हटलं, ये बाई, उरलंसुरलंही बघून जा.

सोमवारी मी दुकान उघडलंच नाही. प्रोफेसर आमच्या भाच्याच्या वयाचा, चेहऱ्यावर सुरकुती नाही. "वेठबिगारांच्या मुक्तीबद्दल बोला," म्हणाला आणि बघत बसला. नशिबाने पान वाढून समोर ठेवलं होतं, पण नीवेसचे ओठ मिटलेले. मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. प्रोफेसरने घड्याळ बघितलं. मी मनातल्या मनात मनोऱ्याला, पोरीला, मामेबहिणीला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

माझ्या शेजारून हलकेच आवाज आला, "मग?"

नीवेसने मान वळवली. ऊग्ने पुढे वाकून बसली होती, खरोखर गोष्ट ऐकायला बसल्यासारखी. आणि माझी बहीण बोलायला लागली. साधंसोपं, ठाम, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

"सिन्योरा, माझ्याकडे बघून सांगा," प्रोफेसर म्हणाला.

"तिला कळलं तर तुम्हाला कळेलच की, प्रोफेसर," नीवेस म्हणाली. वर्ग हसला, तोही हसला आणि त्याने तिला बोलू दिलं.

"चोवीस देतो, तिसांपैकी," शेवटी तो म्हणाला. "नको असतील तर नाकारा. पुढच्या खेपेला जास्त मिळतील."

"छे हो. दर खेपेला दुकान कोण बंद ठेवेल? द्या चोवीस."

बाहेर कमानीखाली मी घळाघळा रडले. नीवेसला मिठी मारली, मग त्या पोरीचे दोन्ही हात धरले. "काल बोलले ते पोटात घाल," मी म्हटलं. "तू वर अडकलीस म्हणून हिची वाचा सुटली. तुझे उपकार आम्ही विसरणार नाही."

ऊग्ने लाजली. आभार मीच मानायचे तर तुम्ही कसले मानता, असं काहीतरी पुटपुटली. मग नीवेसला म्हणाली, "मी तर वर डोळे मिटूनच बसले होते. तुम्ही सांगा ना, तिथून शहर कसं दिसतं?"

"शहर कुठे बघितलं मी?" नीवेस म्हणाली. "मी सगळा वेळ तुझी पावलं बघत होते."