जिथं लाट करत नाहीत

केशरआत्या नसती तर मी आज दुबईत नसतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझं कौतुक करायला नको. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आठवीतून मी शाळा सोडली तेव्हा वडील माझ्याशी बोलायचे बंद झाले. आत्यानं मला हाताला धरून लाँचवाल्या इमामचाचांकडं नेलं आणि म्हणाली, "ह्याला पुस्तकातलं दिसत न्हाय, पाण्यातलं दिसतंय. ठेवून घ्या." पुढं दुबईची गोष्ट निघाली, तेव्हाही घरातले सगळे "नको" म्हणत होते. "जाऊ द्या त्याला" म्हणणारी ती एकटी.

निघालो त्या सकाळी उजनी धरणाचं पाणी काठोकाठ होतं. आमचं आताचं गाव या काठावर आणि एसटीचा रस्ता पलीकडं, त्यामुळं मुंबईला जायचं तरी आधी लाँचमध्ये बसावं लागतं. आत्या मला सोडायला आली होती. मांडीवर कडक भाकरीचं गाठोडं होतं. ते माझ्याकडं द्यायचं ती विसरली होती, की मुद्दाम धरून बसली होती, कोण जाणे. मध्यावर आलो, काठावरच्या चिंचेचा शेंडा आणि मागच्या टेकडीवरचं देऊळ एका रेषेत आलं, आणि इमामचाचांनी न सांगता इंजिन बारीक केलं. तरी आत्या दरवेळी म्हणायची ते म्हणालीच, "हळू घ्या, चाचा. लेकरू निजलंय खाली."

त्या जागी आमचं जुनं गाव आहे, पाण्याच्या तळाशी.

आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला आणि बारशाच्या आतच गेला. आमच्या जुन्या घरामागं लिंबाखाली त्याला पुरलं. नवऱ्यानं मग तिला परत नेलं नाही. पुढं धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा गाव वर टेकाडावर हललं. लोकांनी दारं आणली, वासे आणले, जाती आणली, कुणी उंबऱ्याचा दगडसुद्धा उचलून आणला. लेकराला कसं आणायचं, हे आत्याला कुणी विचारलं नाही.

माझ्या लहानपणी एका कोरड्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि जुनं गाव उघडं पडलं. आत्या मला घेऊन चिखल तुडवत तिथं गेली. भिंतींचे पाये होते. लिंबाचं खोडही होतं, पण त्याच्या बुडाची माती गेली होती आणि मुळं हवेत लोंबत होती. आत्या त्या मुळांखाली हात घालून कितीतरी वेळ चाचपडत राहिली. उठली तेव्हा एवढंच म्हणाली, "लाटंनं माती न्हेली." आत्यानं इमामचाचांना सांगितलं आणि त्या वर्षापासून आमच्याकडच्या लाँचा चिंचेसमोर इंजिन बारीक करतात. नव्या पोरांना वाटतं, देवाचं काहीतरी असेल.

पलीकडं उतरलो. गाठोडं हातात देत आत्या म्हणाली, "जा. तिकडं पाणी खारं आसंल, पण पाणीच हाय."

गावाकडच्या माणसांनो, तुम्ही फोनवर विचारता, तिथं नेमकं काय काम करतोस. मी "बोट चालवतो" म्हणून विषय बदलतो. खरं काम लाजवणारं आहे. मी लाटा करतो. श्रीमंत माणसं बोटीच्या मागं फळीवर उभी राहतात. उठेपर्यंत दोरी धरतात, मग दोरी सोडून देतात आणि बोटीनं केलेल्या लाटेवर घसरत राहतात. वेकसर्फिंग म्हणतात त्याला. साधी बोट पाण्यावरून हलकी पळावी म्हणून बनवतात, ही बोट पाणी फाटावं म्हणून बनवतात. तिच्या पोटातल्या टाक्यांत पाणी भरून तिला जड करायचं, पाण्यात खोल बसवायचं आणि सायकलच्या जरा वरच्या वेगानं हाकायचं. लाट जेवढी मोठी, तेवढी माझी पाठ थोपटली जाते. जिथं शिकलो तिथं लाट न होऊ देणारा चांगला चालक होता.

भीती अजून जात नाही. इंग्रजीत कुणी भरभर बोललं की कळो न कळो, मी नुसती मान हलवतो. आखातात माझ्यासारखे आलेत त्यांना हे सांगायला नको.

गेल्या महिन्यात आमच्याच भागातले रणजितदादा इकडं आले. हायवेला त्यांचं हॉटेल आहे आणि आता उजनीच्या काठावर रिसॉर्ट उभं राहतंय. तिथं लाटांची बोट ठेवायची होती. कुणाकडून तरी माझं नाव कळलं होतं. मालकानं तीन बोटी दिल्या, फळीवर उभा राहायला माझा फिलिपिनो जोडीदार जोएल होता, आणि मी दादांना शेजारी बसवून तिन्ही लाटा दाखवल्या.

निळ्या बोटीची लाट उंच आणि खडी. कमरेच्या वर येते, फोटोत छान दिसते, पण आखूड. जोएल जरा मागं राहिला की ती त्याला सोडून पुढं जायची. काळीची लाट लांब आणि पसरट, आरामखुर्चीसारखी. नवशिक्याला बरी, पण मागं पांढरा फेस फार, पाणी ढवळून टाकते. पांढरीची मला आवडते. फार उंच नाही, पण कडेला काचेसारखी स्वच्छ, आणि माणसाला खाली हात लावून ढकलावं तशी पुढं नेत राहते. टाक्या अर्ध्या भरल्या तरी तिची लाट मोडत नाही.

"आयला," दादा मागं वळून बघत होते, "ही तर पाण्याची नांगरट झाली की."

मला हसू आलं.

"दत्ता, तू चल परत," दादा म्हणाले. "हितं कुणाच्या लाटा करतोस? आपल्या पाण्यात कर. आई-बाप जवळ, आत्याच्या हातची भाकरी. बोट तू म्हणशील ती घेतो."

इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली, ते शब्द असे खारट वाऱ्यात बसून ऐकायला मिळतील असं वाटलं नव्हतं. माझ्या तोंडून "व्हय" निघणारच होतं.

"जागाबी बघून ठेवलीय," ते पुढं म्हणाले. "चिंचंसमोरचा पट्टा. वारा लागत न्हाय, खोली हाय. फस्क्लास."

वेगाच्या दांड्यावरचा माझा हात मागं आला. मी आणला नाही, तो आला. बोटीचा वेग पडला, लाट मोडली आणि मागं जोएल फळीसकट पाण्यात गेला. वर आल्यावर त्यानं दोन्ही हात पसरून, इथंच शिकलेल्या हिंदीत, "क्या हुआ, भाई?" असं विचारलं. मी खाली पाण्यात बघत होतो. तळाशी नुसती वाळू होती. तरी मला मुळं दिसली.

"तितं आमचं गाव हाय, दादा."

"आरं, गाव कवाच वर आलं की. पुनर्वसन झालं, प्लॉट मिळाले."

"समदं न्हाय आलं वर."

दादा वाईट माणूस नाहीत. त्यांनी हात देऊन जोएलला बोटीत ओढून घेतलं, मग ते म्हणाले, "पट्टा ठरलाय, दत्ता. कागद झालेत. तू न्हाय आलास तर दुसरा कुणीतरी येईल. इचार कर."

त्या रविवारी आत्याला फोन लावला. नको म्हणायचं ठरवूनच लावला होता. तिचा आधार घेऊन नको म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. सगळं सांगितलं. लाट कशी असते तेही सांगितलं, लपवलं नाही. मग तिनं विचारलं,

"लाँचच्या लाटंपरीस मोठी?"

"लई मोठी."

"आन् तू न्हाय आलास, तर जो दुसरा यील, त्याला म्हाईत हाय का कुटं हळू घ्यायचं?"

"न्हाय."

"मग येड्यावानी काय इचारतोस? इमामचाचाचे डोळे गेले. मला आता लाँचमदी चढाया हुत न्हाय. राखायचं कुणी?" मग आवाज बदलून म्हणाली, "आन् येताना त्यो बिया काढलेला खजूर आन. मागच्या टायमाला दात गेला माझा."

मी दादांना कळवलं आहे. पांढरी बोट घ्या. टाक्या अर्ध्याच भरू, तेवढी लाट पुरते. चिंच आणि देऊळ एका रेषेत येतात तिथं दोन्ही बाजूंना तरंगती पिंपं बांधू, आणि त्या मधल्या पाण्यातून माझी बोट इंजिन बारीक करूनच जाईल. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी. हे मान्य असेल तर येतो. दादांनी उत्तर दिलं, "पिंपाला रंग कुठला द्यायचा ते आत्याला विचार." मी बॅग काढून ठेवली आहे. भीती गेलेली नाही. पाणी कुणाचं ऐकत नाही, लाट पिंपापाशी थांबत नाही, हे मला दादांपेक्षा जास्त कळतं.

घर म्हणजे काय, असं इकडं खोलीत पोरं एकमेकांना विचारतात. कुणी आईचं नाव घेतो, कुणी जेवणाचं. मला आता वाटतं, जिथं आपला हात आपोआप मागं येतो ते घर. मग तिथं छप्पर असो नाहीतर वर पाणी असो.

आत्या, हे तुला कुणीतरी वाचून दाखवेल. तू मला दोनदा पाण्यावर धाडलंस, ते कधी फिटायचं नाही. पण एक करीन. पांढरी बोट आली की पहिली फेरी गिऱ्हाइकाची नाही. टाक्या रिकाम्या ठेवीन आणि तुला उचलून पुढं बसवीन. चिंचेसमोर गेलो की इंजिन बारीक नाही, बंद करीन. मग तुला हवं तेवढा वेळ बस. "हळू घे" असं तुला म्हणावं लागणार नाही.