टाकीवरची अर्धी पाटी

मी गरम डोक्याची आहे. अमरावतीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि माझ्या तासाला पोरं खिशातून मोबाईल काढत नाहीत ते काही विषयाच्या प्रेमापोटी नाही. पण सेमाडोहच्या अलीकडच्या एका गावात मी हातात पाना घेऊन एका माणसाचं डोकं फोडायला निघाले होते, हे घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

गावाला रेंज नव्हती. टॉवर डोंगरापलीकडे. उंचावर पाण्याची टाकी आहे, तिथूनच काय तो दिसतो. टाकीजवळच्या मोहाच्या झाडाला अख्ख्या गावाचे मोबाईल प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून टांगलेले असायचे, ज्याचा वाजला त्याने पळत सुटायचं. म्हणून आम्ही कॉलेजवाल्यांनी टाकीच्या भिंतीवर एक पाटी बसवली. गावकऱ्यांनीच तिला पाटी म्हटलं. दाराएवढी, वर तांब्याचे चौकोनी तुकडे. पोरं आरशाने एकमेकांच्या डोळ्यांत ऊन पाडतात ना, तसलाच प्रकार. फक्त उन्हाच्या जागी टॉवरची लहर, आणि आरसा हाताने वळवायचा नाही. लॅपटॉपवरून प्रत्येक तुकड्याला सांगायचं की तू लहर कशी परत फेक, आणि मग सगळ्यांची मिळून ती हवी तिथे पडते. झोत मात्र बारीक. एका अंगणात पडला की कुंपणापलीकडे ठणठणाट.

तो मी गावातल्या सगळ्यात मोठ्या अंगणात पाडला, कारण तिथे चार माणसं नीट बसू शकत. अंगणाचा मालक चाळिशीचा, नांदगाव खंडेश्वरकडून कधीकाळी इकडे शेतीला आलेल्या घरातला. त्याची म्हातारी आई कुंपणापलीकडे झोपडीत एकटी राहायची. कारण त्याची बहीण. तिला अकोल्याला दिलेली, आणि नवरा तिला गुरासारखं मारायचा. दोनदा ती पळून माहेरी आली, दोन्ही वेळा भावाने स्वतः बसमध्ये बसवून तिला परत नेऊन सोडलं. लग्न झालं, आता तेच तुझं घर, असं त्याचं म्हणणं. त्यावरून मायलेकांचं वाजलं आणि म्हातारीने वेगळी चूल मांडली. लेकीला फोन करायला मिळायचा तो नवरा घरात नसला तरच, त्यामुळे म्हातारी दिवस दिवस त्या मोहाखाली बसून असायची. मग पाय मोडला आणि टाकीपर्यंत चढणं संपलं.

त्या दिवशी मी पाटी तपासायला गेले तर म्हातारी झोपडीच्या दारात बसलेली, ओठ फाटलेला, पदर रक्ताने भरलेला. लेकीचा फोन येईल म्हणून ती मोबाईल घेऊन मुलाच्या अंगणात गेली होती. त्याने दंड धरून फरफटत बाहेर काढलं आणि ढकलून दिलं. दगडावर तोंड आपटलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमची ते रेंज माह्या चुलीजवळ पाडता येते का? पोरीचा फोन येईन."

थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे, असं सहज करता आलं असतं. पण तो ओठ पाहिला आणि माझं टाळकं सटकलं. टाकीवर गेले, लॅपटॉप उघडला आणि सगळा झोत उचलून म्हातारीच्या चुलीवर नेऊन ठेवला. खाली त्याच्या अंगणात बसलेल्यांचे फोन एकदम मेले. लई बरं वाटलं मला.

तो कुऱ्हाड घेऊनच वर आला. मी पाना घेऊन शिडीवर होते, पाटीचे नट आवळत. पहिला घाव पाटीवर बसला, तांब्याचे तुकडे अंगावर उडाले. दुसरा माझ्या पायाखालच्या पायरीवर. मी उडी टाकली आणि पाना फेकून मारला, तो त्याच्या खांद्यात बसला. त्याने शिवी हासडली, पण कुऱ्हाड काही थांबली नाही. पाटीचा अर्धा भाग खाली पडला तेव्हाच तो थांबला.

"आता बस म्हणा बुढीले फोनची वाट पायत," असं म्हणून तो उतरला.

मी पाना उचलला आणि त्याच्या मागे गेले. खरंच सांगते, तेव्हा मला दुसरं काहीच दिसत नव्हतं. त्याच्या अंगणात पोचले, तो कुऱ्हाड भिंतीला टेकवत होता, आणि तेवढ्यात झोपडीत फोन वाजला.

तो चाटच पडला. मी नाही. पाटी जितकी मोठी तितका झोत बारीक आणि जोरकस. पाटी लहान झाली की झोत कमजोर होतो, पण फाकतो. कुऱ्हाडीने रेंज मेली नव्हती, रुंद झाली होती.

म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून ती फोन नेहमी स्पीकरवर ठेवायची. आधी नुसती किंकाळी आली. मग भांडी आदळल्याचा आवाज, मग पट्ट्याचा. म्हातारी काठी टाकून, मोडका पाय ओढत झोपडीबाहेर आली. एरवी हा फोन कुंपणापाशी कटला असता. नाही कटला. ती कुंपण ओलांडून मुलाच्या पुढ्यात आली आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

"माय, मले ने वो," फोनमधून बहीण म्हणत होती. "माय, हा मले मारून टाकते."

मग फटका. मग पुन्हा फटका. अंगणातली माणसं माना खाली घालून उभी होती. माझ्या हातातला पाना कधी गळाला ते कळलं नाही.

"मी येऊन राहिलो," भाऊ फोनमध्ये म्हणाला, आणि त्याने कुऱ्हाड उचलली.

म्हातारीने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "हे ठेव. तिले उचलाले दोन्ही हात लागतीन."

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आला. तिचा हात प्लॅस्टरमध्ये, एक डोळा पूर्ण मिटलेला. त्याच्या मुठी सुजून काळ्यानिळ्या झालेल्या. त्याने मेव्हण्याचं काय केलं ते मी विचारलं नाही. जे केलं असेल ते मला कमीच वाटलं असतं.

नंतर मी उरलेली अर्धी पाटी पक्की करायला गेले. नवा अर्धा भाग मुद्दामच नेला नाही, झोत रुंदच हवा होता. न सांगता भावाने येऊन शिडी धरली. बहीण मोहाखाली बसली होती. तो तिच्याकडे न पाहता म्हणाला की फोनवर ऐकलं तवा मले समजलं.

"मांगं दोन डाव आली होती तवा मी तुह्या आंगनात उभी होती," ती म्हणाली. "तुह्यासमोर. तवा त मंधात फोन बी नव्हता."

त्याच्या हातातली शिडी थरथरायला लागली. मी वर पाटीला घट्ट धरून उभी राहिले.