एका छपराखाली राहिल्याचा पुरावा

लोसालिनीने वासितीला पहिल्यांदा नीट पाहिलं ते सेमेसाच्या वडिलांच्या मयताला. घरच्या बायका आत, प्रेताजवळच्या चटयांवर बसल्या होत्या. भेटायला आलेल्या बायका बाहेर मांडवात. आणि एक उंच, रुंद खांद्यांची बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नारळ खवत बसली होती, ना आतल्यांत ना बाहेरच्यांत. लोसालिनीचं आयुष्य लेवुका या बेटावरच्या बंदरगावातल्या शाळेत शिकवण्यात गेलेलं. कोण कुठे बसतं यावरून तिला बरंच काही कळायचं.

"ही कोण?" तिने शेजारणीला विचारलं.

"सेमेसाची."

"सेमेसाची कोण?"

"आता ते कोर्ट ठरवेल तेव्हा, मॅडम," शेजारीण पदराआड हसावं तसं हाताआड हसली.

वासितीचं लग्न एकोणिसाव्या वर्षीच झालं होतं. नवरा परदेशी मासेमारी बोटीवर गेला, कुठल्याशा बंदरात उतरला आणि परत आलाच नाही. मेल्याची बातमी नाही, जिवंत असल्याचा निरोप नाही. घटस्फोटाचा अर्ज राजधानीत, सुवाच्या कोर्टात पडून होता, कारण नोटीस कुठे पाठवायची हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ती बेकरीत काम करायची, पहाटेचे पाव भाजायची. बंदरावरच्या बोटी दुरुस्त करणारा सेमेसा रोज तिथे पाव घ्यायला यायचा. पुढे तो तिला आपल्या घरी घेऊन आला. घर सेमेसाच्या आईचं, उलामिलाचं. सगळे तिला बू म्हणायचे, म्हणजे आजी. उलामिला चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख. तिने तोंडाने होही म्हटलं नाही आणि नाहीही. फक्त दुसऱ्या दिवशी जेवायला एक थाळी जास्त मांडली. तिथून पाच वर्षं वासिती त्या घरातली होती.

मग सेमेसाच्या कंपनीने लेवुकाचं बोटदुरुस्तीचं दुकान बंद करायचं ठरवलं आणि त्याला तीन वर्षांसाठी ब्रिस्बेनच्या गोदीत नेमलं. दोघं संध्याकाळी लोसालिनीकडे आली. इंग्रजी कागद वाचायला गावात सगळे तिच्याकडेच यायचे.

कंपनीच्या बाईने फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं. लग्न झालेलं नसलं तरी जोडीदार म्हणून नेता येतं, पण निदान वर्षभर दोघं एका छपराखाली नवराबायकोसारखी राहिली हे दाखवावं लागतं. नाहीतर पाहुणी म्हणून जा. तीन महिने राहा, काम करायचं नाही. नाहीतर तिकडे काहीतरी शिकायला जा आणि फी भरा.

"मी काय शिकू? पाव भाजायला?" वासिती म्हणाली.

"पुरावा काय मागितलाय?" लोसालिनीने चष्मा लावला. "दोघांच्या नावावरचा भाडेकरार."

"घर बूचं आहे. भाडं कसलं?"

"बँकेचं खातं?"

"ह्याचा पगार बूच्या हातात जातो. माझाही."

"विजेचं बिल?"

सेमेसाने मान खाजवली. "ते अजून बाबांच्या नावावर येतं."

"मग व्हिसा बाबांनाच मिळेल," वासिती म्हणाली, आणि तिघंही हसली.

हसणं ओसरल्यावर वासितीने हळूच विचारलं, "नाही झालं तर, मॅडम? हा तिकडे, मी इकडे. ना लग्नाची, ना घराण्याची. मी ह्याची कोण हे तिकडे कोण सांगणार?"

लोसालिनीने तेव्हाच साक्षीचं पत्र लिहायला घेतलं. ही दोघं एका घरात, एका खोलीत राहतात, शेतातला कसावा एकत्र काढतात, सासऱ्याच्या मयताला सुनेची सगळी कामं हिनेच केली, असं सगळं. चर्चच्या पास्तरांनीही सही केली, थोडे आढेवेढे घेऊन. अर्ज गेला. तिकडून कळलं, घरी फोन करून एकदा विचारतील.

गुरुवारी महिला मंडळाच्या सभागृहात चटया विणायला सगळ्या जमल्या होत्या. उलामिला आली ती मोठी खुशीत.

"ऑस्ट्रेलियाहून फोन आला होता," ती बसता बसता म्हणाली. "आपल्याच भाषेत बोलायला एक मुलगी ठेवलीय त्यांनी. फार अदबीने बोलली."

"काय विचारलं, बू?" लोसालिनीने विचारलं.

"विचारायचं ते विचारलं. तुमचा मुलगा आणि ही बाई एका खोलीत झोपतात का, म्हणून." उलामिलाने चटईच्या पानाची पट्टी नखाने चिरली. "मी म्हटलं, माझ्या घरात? लग्नाशिवाय? पोरगी माझ्या खोलीत, माझ्या शेजारी झोपते. पोरगा पुढच्या खोलीत. सगळं रीतसर."

लोसालिनीने हातातली पट्टी खाली ठेवली.

"बू, असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? ती मुलगी लाऊ बेटांकडची होती, बोलण्यावरून ओळखलं मी. कुठल्यातरी पास्तराचीच लेक असणार. उलामिलाच्या घरात परक्याची बायको पोराशेजारी झोपते, हे संध्याकाळपर्यंत फोनाफोनी होऊन सगळ्या सुवाभर झालं असतं. उद्या वासितीला तोंड दाखवायचंय की नाही? मी तिची अब्रू राखली."

भोवतालच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या कुणीही वेगळं उत्तर दिलं नसतं, हे लोसालिनीला माहीत होतं.

तिने त्याच दिवशी नवीन पत्र लिहून रीतीरिवाज समजावून सांगितले. उत्तर आलं, कुटुंबाच्या आणि साक्षीदारांच्या सांगण्यात मेळ नाही, सहवास सिद्ध होत नाही. पत्राची भाषा सभ्य होती. लोसालिनीने ते दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्या वेळी उलामिलाला नीट कळलं नाही.

दुसऱ्यांदा कळलं. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि कोंबड्यांना उगाचच हाकलत राहिली.

सेमेसा म्हणाला, "मी नाही जात."

"आणि इथे काय दुरुस्त करणार?" वासिती म्हणाली. "दुकानाला कुलूप लागलंय. जा तू. मी पाहुणी म्हणून येईन."

तिने त्याची बॅग भरली. धक्क्यावर सगळं गाव आलं होतं. फुलांच्या माळा घालताना घरच्या बायका आधी, मग इतर. वासिती मागे थांबली, तेव्हा उलामिलाने तिला दंडाला धरून पुढे ओढलं, स्वतःच्याही पुढे. बोट दिसेनाशी झाल्यावर उलामिला म्हणाली, "तू मला बोल तरी काहीतरी. शिव्या दे."

"चला बू, ऊन लागेल," वासिती म्हणाली.

ती एकदा गेली, तीन महिने. सेमेसा दिवसभर गोदीत. ही एका खोलीत, खिडकीतून दुसऱ्यांचे वाळत घातलेले कपडे बघत. काम करायची परवानगी नाही. एका बेकरीसमोर रोज उभी राहायची, नुसत्या वासासाठी. परत आल्यावर एवढंच तिने लोसालिनीला सांगितलं. दुसऱ्यांदा अर्ज करायचा तर आता दोघं वेगळ्या देशांत राहत होती; एका छपराचा पुरावा दर महिन्याला आणखी विरत चालला होता. तीन वर्षांची नेमणूक वाढून सहा झाली. रविवारचे फोन महिन्यावर आले. मग एका फोनमध्ये मागून बाईचा आवाज आला. सेमेसाने तो लपवायचा प्रयत्न केला नाही, आणि वासितीनेही विचारलं नाही. ती बाई कोण हे त्याने आईला सांगितलं. उलामिलाने त्यानंतर त्याचा फोन घेतला नाही.

"पोरावर इतका राग धरू नका, बू," लोसालिनी एकदा म्हणाली.

"त्याच्यावर कुठे धरलाय?" उलामिला म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी सुवाहून कोर्टाचा निकाल आला. वासितीचा घटस्फोट मंजूर झाला होता. ती तो कागद वाचून घ्यायला लोसालिनीकडे आली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे आता मला कुणाशीही लग्न करता येईल." मग चहा संपवून, कप विसळून, ती गेली.

उलामिलाला आता नीट दिसत नाही. महिला मंडळात तिला हात धरून वासितीच घेऊन येते आणि चटईवर तिच्याजवळ बसते. कुणी नवीन बाईने विचारलं, तर उलामिला "माझी सून" असं सांगते. वासिती पहाटे बेकरीत जाते आणि दुपारच्या जेवणाआधी घरी परत येते.