तपासणीआधीचे सत्कार

महिला दिनाच्या शिबिराचे निमंत्रण आज कार्यालयात आले. सोबत निशिगंधाचा गुच्छ होता. त्या वासाने वीस वर्षांपूर्वीचा धायरीतला मांडव आठवला.

स्तनाच्या कर्करोगाची मोफत तपासणी होती, वेळ सकाळी दहाची. मी बातमीसाठी गेलो होतो. डॉक्टरीणबाई पडद्यामागे तयार बसल्या होत्या. एक वाजता त्यांना दवाखान्यात परतायचे होते. उद्घाटनाआधी कोणाला तपासायचे नाही, असे संयोजकांनी बजावले होते. प्रमुख पाहुणे साडेअकराला आले. मग शाल, श्रीफळ, निशिगंधाचे हार आणि भाषणे सुरू झाली.

शेतातून आलेली एक बाई उठून संयोजकांकडे गेली. "दादा, छातीत गाठ हाय माझ्या. तेवढी बघू द्या, घरी गुरं उपाशी हायत."

"मावशी, गाठ काय पळून जातेय? सत्कार तर होऊ द्या."

मांडवात हशा पिकला. मीही हसलो. ती पदर सावरून पुन्हा बसली.

भाषणे पावणेएकला संपली. डॉक्टरीणबाईंनी चौघींना तपासले. चौघी पाहुण्यांच्या घरच्या होत्या. मग डॉक्टरीणबाईंची गाडी निघाली. संयोजक त्या बाईला म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर या."

दुसऱ्या दिवशी 'शिबिराला उत्स्फूर्त प्रतिसाद' ही माझी बातमी छापून आली. अकरा पाहुण्यांची नावे पदांसह बिनचूक होती आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. त्या बाईचे नाव मी विचारले नव्हते. तिच्या गाठीचे काय झाले, हे आता शोधायचे म्हटले तरी शोधता येत नाही.