गॅझेटांमागे लपवलेलं पुस्तक

मी पुस्तक चोरलं नाही, लपवलं. इतकी वर्षं स्वतःशी हाच वाद घालत आलेय आणि दर वेळी हरते.

तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात होते. देश घडवणाऱ्या एका मोठ्या नेत्याच्या आठवणी मराठीत नुकत्याच छापून आल्या होत्या आणि आमच्या वाचनालयात त्यांची एकुलती एक प्रत होती. ती घरी नेता येत नसे, तिथंच बसून वाचायची. अकोल्याच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषयही नेमका तोच, त्यामुळे दुसऱ्या कॉलेजची मुलं त्या पुस्तकावर टपलेली. मग मी काय करायची, वाचून झालं की ते जुन्या सरकारी गॅझेटांच्या मागे सरकवून द्यायची. त्या कपाटाकडे कुत्रंही फिरकत नसे. ग्रंथपाल बिचारे भले गृहस्थ. शोधशोध शोधायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे. मी आपली खाली मान घालून टिपणं लिहीत बसायची. स्वतःच्या हुशारीचा कोण माज होता मला!

एका बुधवारी पुस्तक लपवून मी टेबलाशी येऊन बसते तोच अंजनगावकडचा एक पानमळेवाला आला. बाजारात विड्याची पानं विकून थेट तिथंच आलेला, हातात पानांचा रिकामा करंडा. त्याने तेच पुस्तक मागितलं. त्याचा थोरला भाऊ बेचाळीसच्या चळवळीत पकडला गेला होता आणि तुरुंगातच तापाने गेला. तो नेताही तेव्हा त्याच बराकीत होता. पुस्तकात भावाबद्दल काही लिहिलंय, असं कुणीतरी याला सांगितलं होतं.

"मायले एकच पुसाचं हाय," तो ग्रंथपालांना म्हणाला. "शेवटच्या टाइमाले पोराच्या तोंडात कोनं पानी घातलं का नाही? इतकी सालं झाली, म्हातारी तेच इचारून राहिली."

माझं पेन थांबलं. ते पान मी आदल्याच दिवशी वाचलं होतं. नाव दिलेलं नव्हतं, पण अंजनगावकडचा, पानमळ्यातला, तापाने गेलेला तरुण दुसरा कोण असणार? नेत्याने स्वतः त्याचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याचमच्याने पाणी पाजलं होतं.

दोन वाक्यं सांगायची होती मला. पण तुला कसं माहीत, असं विचारलं असतं आणि माझं बिंग फुटलं असतं. मी पुन्हा टिपणांत डोकं घातलं. पुस्तक सापडत नाही, पुढच्या बुधवारी या, असं ग्रंथपालांनी त्याला सांगितलं. तो पुढच्या बुधवारी आला, त्याच्या पुढच्याही बुधवारी आला. दोन्ही वेळा मी तिथंच होते आणि दोन्ही वेळा तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

अकोल्याला मी भाषणाचा शेवट त्याच पानाने केला. चमचाभर पाण्यापाशी आवाज जरा खाली आणला. लोकांनी डोळे पुसले आणि पहिलं बक्षीस मला मिळालं. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेलं तशी मला स्वतःचीच किळस यायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पुस्तक काढून ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवलं. कपाटामागे पडलं होतं, असं मी त्यांना सांगितलं. तेही खोटंच.

बुधवारी तो आला. करंडा नव्हता. सुतकात असूनही फक्त पुस्तकासाठी आला होता. माय शनिवारी गेली होती. रविवारी मी अकोल्यात टाळ्या घेत होते.

ओळीखाली बोट धरून त्याने ते पान सावकाश वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला की, तेराव्याला घरच्या माणसांपुढे वाचायचंय, एवढं उतरून देता का. मी वहीतला कागद फाडला आणि लिहायला बसले. कधी एकदा संपतंय असं झालेलं. लिहून झाल्यावर वर पाहिलं, तर पुस्तक त्याच्याच पुढ्यात होतं, त्याच्या तळहाताखाली. मी एकदाही त्यात पाहिलं नव्हतं.

"तुले तं पाठ हाय, माय," तो म्हणाला. "दर बुधवारी इथंच बसून राहत होती ना तू?"

मी हो म्हणाले. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी आजही त्याचे उपकार मानले असते. त्याने कागदाची नीट घडी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

"अक्षर चांगलं हाय तुयं," म्हणाला आणि गेला.