नखांवाचून दंडार

पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमध्ये गिटार म्हटलं की ती मांडीवर आडवी ठेवायची आणि लोखंडी कांडीनं सिनेमाची गाणी वाजवायची, एवढंच लोकांना ठाऊक. माझा धाकटा भाऊ ती छातीशी धरून नुसत्या बोटांनी वाजवायचा. गणपतीत त्यानं पहिल्यांदा वाजवली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका काकांनी मध्येच विचारलं होतं, सूर लावून झाले असतील तर सुरू करा आता. भाऊ हसला. लाज वाटली ती मला.

त्याला शिकवलं प्लांटवर आलेल्या एका रशियन इंजिनियरनं. भाऊ ड्रॉइंग ऑफिसात होता, तिथं दोघांची गट्टी जमली. अंगठ्यानं ठेका धरायचा आणि उरलेल्या बोटांनी गाणं काढायचं. त्यासाठी उजव्या हाताची नखं वाढवावी लागत, नखाशिवाय तार खणखणत नाही म्हणे. बाबांना त्याचं कोण कौतुक! भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात ते तरुणपणी दंडारीत, गावच्या नाच-गाण्याच्या खेळात, नाचलेले. भावानं दंडारीची चाल गिटारवर बसवली तेव्हा ते खाटेवर बसल्या बसल्या पाय हलवू लागले. नख तुटू नये म्हणून भावाचं जेवलेलं ताटही तेच घासायचे. मी चिडायचो. टाइम ऑफिसातला क्लार्क मी, लोक काय म्हणतील याची हजेरी मीच घेत असे.

बाबा अचानक गेले. त्याच महिन्यात इंजिनियर मायदेशी परतणार होता. जाण्याआधी आपल्या टेपरेकॉर्डरवर भावाचं वादन घ्यायचं आणि एक रीळ त्याला देऊन जायचं, असं त्यानं कबूल केलं होतं. भाऊ म्हणाला, दंडारच वाजवणार, बाबांसाठी, आणि ऐकणाऱ्याचा पाय हलला पाहिजे. दुःखातही त्याला तेवढा एकच आधार होता.

सुतकात कोणी नखं कापत नाही, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचीच वाढली होती आणि भावाची त्यात लपून गेली होती. पण गावाहून भाऊबंद आले. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी एका चुलत्यानं त्याचा हात धरून सगळ्यांना दाखवला आणि पोरगा बाईसारखी नखं ठेवतो म्हणून हसला. तो शब्द मला झोंबला.

दुसऱ्या दिवशी शिवनाथ नदीच्या काठी मुंडण झालं. न्हाव्यानं भावाच्या डाव्या हाताची नखं काढली आणि उजव्यापाशी तो थांबला, कारण भावानं मूठ मिटली होती. भटजी समजूतदार होते. करंगळीचं काढलं तरी विधी होतो, असं त्यांनी हळूच सांगितलं. भाऊ माझ्याकडे बघत होता. चुलतेही बघत होते.

"सगळी काढा," मी म्हणालो.

त्यानं मूठ उघडली.

तेरावं उरकल्यावर इंजिनियरच्या बंगल्यावर रेकॉर्डिंग झालं. मी सोबत गेलो होतो. दंडार तीच होती, पण तिचा आवाज गादीखालून आल्यासारखा येत होता. ठेका बसत नव्हता म्हणून भावानं लय कमी केली, मग आणखी कमी केली. इंजिनियरनं त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि टेप चालूच ठेवला. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. त्याचं सामान बांधून झालं होतं.

ते रीळ वसाहतीच्या क्लबात लावलं आणि लोक रडले. गणपतीतले ते काकाही डोळे पुसत होते. क्लबच्या भित्तिपत्रकात एका मास्तरांनी लिहिलं की या कलावंतानं नाचाच्या चालीचा विलाप केला, एकेक सूर गळ्यात अडकलेल्या हुंदक्यासारखा आहे, आणि असं धाडस फक्त पितृशोकातूनच येतं. मग दुर्गहून, चरोद्याहून बोलावणी येऊ लागली. माझी छाती फुगायला हवी होती. प्रत्येक वाहवा मला चपराक वाटायची, कारण ज्याला ते हुंदका म्हणत होते ती माझी कात्री होती. भावानं कुणाला खरं सांगितलं नाही. वडील गेले होते तेव्हा, एवढंच म्हणायचा.

मधे एकदा त्यानं नखं वाढवलीही होती. दंडार पुन्हा खणखणीत वाजली, पण लोक म्हणाले, टेपसारखं नाही वाटत. मग त्यानं नखं वाढवायचा नाद सोडला.

पुष्कळ वर्षांनी, आम्ही दोघंच जेवायला बसलो असताना, मी त्याला विचारलं, "तवा नदीवर तू मले 'नाही' असं कावून म्हटलं नाही?"

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "तू बाबाच्या जागी बसला होता न, दादा. बाबाले मी कसं नाही म्हणू?"

बाबांनी असं कधीच केलं नसतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तरी त्यात टोमणा नव्हता. त्याचं जेवण झालं तसं मी त्याचं ताट उचललं आणि मोरीत घासायला बसलो. जपायला नखं उरली नव्हती; आता त्याची काही गरज नव्हती.